तंबू एकटीचा, पहारा गावाचा

एकटीने गाडी काढून कोकणात तंबू ठोकायला जायचं ठरवलं, तर तंबूच्या आधी उत्तरांची जमवाजमव करावी लागते. तंबू दुकानात मिळतो. उत्तरं घरी शिवावी लागतात, तीही ज्याच्या त्याच्या मापाची. सासूबाईंना पटलेलं उत्तर मुलाला पटत नाही, मुलाला पटलेलं सोसायटीच्या सेक्रेटरींना पटत नाही. सेक्रेटरींचा यात संबंध काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. "तसं नाही वहिनी, तुमचं पार्किंग रिकामं राहणार ना, म्हणून," ते म्हणाले. मग पार्किंगच्या आडून, आवाज खाली आणत, "घरात सगळं ठीक आहे ना?"

पन्नाशीतल्या बाईने एकटीने बाहेर रात्र काढायची, तर आपल्याकडे मान्यताप्राप्त कारणं ठरलेली आहेत. मुलीचं बाळंतपण, माहेरचं दुखणं, ऑफिसचं ट्रेनिंग, गाणगापूर. गाणगापूर पुण्याहून मी निघाले होते त्या कोकणातल्या वेळासपेक्षा कितीतरी लांब, तिथेही रात्र परक्या ठिकाणीच काढायची. पण "दत्ताचं बोलावणं आलं" म्हटलं की पुढची चौकशी बंद. "मला जरा एकटीने जाऊन यावंसं वाटतंय" हे मात्र कारणांत मोडत नाही. ते लक्षणांत मोडतं.

"मिस्टर नाही येत?" हा पहिला प्रश्न. "भांडण-बिंडण?" हा दुसरा, तो शब्दांत कोणी विचारत नाही, नुसती मान कलती करून विचारतात. आणि तिसरा, ज्याच्यात सगळ्या बिल्डिंगचा खरा जीव, "ह्यांच्या जेवणाचं काय?" आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, धडधाकट, घरात गॅस आणि मायक्रोवेव्ह दोन्ही असलेले गृहस्थ आहेत. मी घाटातून गाडी हाकत होते तेव्हा माझ्या काळजीने कोणाचा घास अडल्याचं ऐकिवात नाही. ह्यांच्या काळजीने मात्र दुपारच्या आत घरात दोन डबे पोळीभाजी, एक पातेलं वरणफळं आणि गाजरहलव्याची वाटी येऊन पडली. मी परतले तेव्हा माणसाच्या पँटचं बटण लागत नव्हतं.

ही प्रश्नपत्रिका काही आजची नाही. फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला वैद्यकी शिकायला निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात भाषणाला उभ्या राहिल्या. वय पुरतं अठरा नव्हतं. लोकांनी विचारून विचारून भंडावून सोडलेले प्रश्न त्यांनी एकेक करून हातात घेतले आणि सगळ्यांची जाहीर उत्तरं दिली. इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय? तिकडे काही संकट आलं तर? आणि शेवटी, आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते हिनेच का करावं? एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्यादेखील. गोपाळराव मागे राहिले, म्हणजे डबे त्यांनाही आले असणार.

आता मी काही सातासमुद्रापार डॉक्टर व्हायला निघाले नव्हते. ताम्हिणी उतरायची, खाडी ओलांडायची, दोन काड्यांच्या तंबूत झोपायचं, एवढाच पराक्रम. तरी प्रश्नपत्रिका तीच आली, जातीबाहेरचा एक प्रश्न तेवढा ऐच्छिक. आनंदीबाईंची एक सोय होती. त्यांना सगळ्यांना एका सभागृहात बसवून एकदाच काय ते सांगून टाकता आलं. आम्हाला लिफ्टमध्ये, मजल्यागणिक सांगावं लागतं.

पुरुषांचं बरं असतं असंही समजू नका. एकटी बाई म्हणजे नवऱ्याने टाकलेली, तर एकटा पुरुष म्हणजे जीव द्यायला आलेला, अशी आपल्या लॉजवाल्यांची पक्की समजूत. काउंटरवर आधार कार्ड ठेवून "एक रूम" म्हटलं की मॅनेजर आधी मागे बघतो, कोणी येतंय का. मग पंख्याकडे बघतो. मग म्हणतो, "सिंगलला देत नाही साहेब." माझ्या भाच्याला एकदा अशी खोली मिळाली ती मॅनेजरने त्याच्या आईशी फोनवर दहा मिनिटं बोलून खात्री करून घेतल्यावर. त्या दहा मिनिटांत भाच्याच्या लग्नाचा विषयही निघाला.

मुळात तंबूच हवा असेल तर एवढं लांब कशाला, पवना आहे की, असं मुलाचं म्हणणं. फोन करून पाहिला. पवना धरणाच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवडची तहान भागते आणि त्याच्या काठावर उरलेल्या पुणे-मुंबईची. वर लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले खाली वाकून बघत उभे, आणि खाली तंबूंच्या ओळी, आत गादी, उशी, प्लगपॉइंट. कार्यक्रम छापील. चारला चेक-इन, पाचला चहा-भजी, सातला बार्बेक्यू, आठला डीजे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी असल्यामुळे दहाला डीजे बंद. साडेदहाला पुन्हा सुरू. सकाळी पोहे खा आणि निघा. एप्रिलच्या उकाड्यातही शेकोटी पेटवतात, कारण पॅकेजमध्ये आहे. मग शेकोटीपुढे बसून लोक कागदी प्लेटने वारा घेतात.

"किती जण?" पलीकडच्या मुलाने विचारलं.

"एक."

"एक कपल?"

"एक माणूस."

फोन कट झाला असं वाटेपर्यंत शांतता. "मॅडम, टेंट दोघांचा असतो. एकाला परवडत नाही. पण आपल्याकडे सोलोवाल्यांची बॅच पण असते, शनिवारी. चाळीस जण आहेत ऑलरेडी, तुम्हाला अ‍ॅड करू का?"

चाळीस जणांनी मिळून एकटं राहायचं ही कल्पना वाईट नाही. रीळवर ज्या मुली कड्याच्या टोकावर एकट्याच बसून क्षितिजाकडे बघत असतात, त्यांच्या मागेही ड्रोन उडवणारा, ड्रोनवाल्याला गाडीतून आणणारा आणि "आता केस मागे घे" सांगणारा असे तिघे असतातच. आपली परंपराही तीच. गोडसे भटजी १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धुमाळीत सापडले, त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून निघाला. त्यातही काका बरोबर आहेतच. मुरूडचे धोंडो केशव कर्वे शाळकरी वयात परीक्षेला बसण्यासाठी डोंगर ओलांडून चालत साताऱ्याला गेले, तेही मित्रांबरोबर. तिथे "वयाने लहान दिसतोस" म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. म्हणजे माणूस चालत येवो की मोटारीने, दारात एक तरी चौकशीवाला उभा असतोच.

तर वेळास. मार्चमध्ये तिथे कासवं असतात, गावातल्या घरांतून पाहुण्यांची सोय होते, आणि पुण्याहून एका दिवसात निवांत पोचता येतं. फोनवर तिथल्या एका घरच्या मावशींना म्हटलं, खोली नको, वाडीत तंबू लावायला जागा द्या, पैसे खोलीचेच घ्या. "तंबू?" मावशी म्हणाल्या. "सर्कशीतल्या का तुम्ही?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर तंबू उभा करायची तालीम केली. म्हणजे मी पिशवी उघडली. पुढचं काही मला करता आलं नाही, कारण एकेकाळी एनसीसीत असलेले तिसऱ्या मजल्यावरचे काका "द्या इकडे" म्हणाले. आपल्याकडे बाईने हातोडी उचलली की चार मीटरच्या परिघातल्या प्रत्येक पुरुषाचा हात आपोआप पुढे येतो. स्वयंपाकघरात हा हात येत नाही, तिथे बहुधा रेंज नसावी.

घरच्यांची शेवटची अट लाइव्ह लोकेशनची. व्हॉट्सअ‍ॅपवर ते जास्तीत जास्त आठ तास चालू ठेवता येतं, मग पुन्हा परवानगी द्यावी लागते. सकाळी सहाला मी चांदणी चौक सोडला तेव्हा 'आईची ट्रिप' नावाच्या गटात सात जण माझा निळा ठिपका बघत होते. पौडला मी चहाला थांबले तर "का थांबली?" मुळशीला पाणी बघायला थांबले तर "पुन्हा का थांबली?" ताम्हिणीचा पाऊस, धबधबे, धुकं यांवर खूप लिहिलं गेलं आहे, मार्चमध्ये त्यातलं काहीच नसतं. नुसता तापलेला डोंगर, मध्येच एखादी पांगाऱ्याची लाल फांदी, आणि मोबाइलला नेटवर्क नाही. या शेवटच्या गुणावर कोणी कसं लिहीत नाही? घाटातल्या एका वळणावर ठिपका थिजला. पुढचा सगळा उतार मी कोणाचीही कोणी नव्हते. गाडीत मोठ्याने गायले, बेसूर. शेंगदाण्याची टरफलं सीटवर टाकली. निजामपूरजवळ फोन पुन्हा जिवंत झाला तेव्हा गटात ११२ नंबरला फोन करायचा की आधी माणगावच्या ओळखीच्या डॉक्टरांना, यावर मतदान चालू होतं.

काळजी खोटी नव्हती, हेही सांगते. वाईट माणसं आहेत, वाईट रस्ते आहेत. गाडी बंद पडू शकते. म्हणून मी स्टेपनीत हवा भरून घेतली होती, टाकी पूर्ण भरली होती, मुक्काम वस्तीत ठरवला होता, अंधाराच्या आत पोचणार होते. पण काळजीवाल्यांची एक गंमत बघा. बाई एकटी का निघाली, हे विचारणारे शंभर. घाटाच्या वळणावर कठडा तुटलेला आहे, वस्तीच्या फाट्यावर दिवा नाही, हे विचारणारा एक नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता बापाच्या स्कूटरची किल्ली मागतात. माणगावात त्या महामार्गाला लागताच गाड्यांची रांग लागली ती लागलीच. त्या रांगेत कोणाच्याही घरून "का थांबलास?" असा मेसेज आला नसणार. माणगावात थांबायला कारण लागत नाही.

आणि मुख्य विषय, ज्याबद्दल प्रवासवर्णनांत मौन पाळतात. बाई रस्त्याने निघाली की तिचा नकाशा वेगळा असतो. देऊळ, किल्ला, धबधबा या खुणा पुरुषांच्या. आमच्या नकाशावर पेट्रोल पंप. तिथे हवा, पाणी आणि स्वच्छतागृह फुकट मिळायला हवं, तुम्ही पेट्रोल भरा न भरा, असा नियम आहे. नियमाचं पालन असं होतं. स्वच्छतागृह असतं. त्याला कुलूप असतं. कुलपाची चावी मॅनेजरकडे असते, आणि मॅनेजर जेवायला गेलेला असतो. सकाळचे साडेनऊ वाजलेले असले तरी जेवायलाच. मी थांबले त्या पंपावर चावी निघाली, ती वीतभर लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली, कोणी चोरून नेऊ नये म्हणून. जणू पुण्याहून माणसं इथवर चावी चोरायलाच येतात. आत दिवा होता, बल्ब नव्हता. बादली होती, कडी नव्हती. बादलीलाही नव्हती आणि दाराला आतूनही नव्हती. एका पायाने दार दाबून धरायचं आणि बाकीच्या शरीराने जे करायचं ते करायचं. योगवर्गात या आसनाला नाव नाही, पण महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या बायकांना ते येतं. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' नावाने मोहीम चालवली, सार्वजनिक मुतारीत बायकांकडून पैसे का घेता, असं पालिकेला भर सभांत विचारलं. विषय काढणाऱ्यांना आधी हसलेच लोक. हसणाऱ्यांना भिंत चालते.

कडीचा विषय निघालाच आहे तर. आमच्या घरात पाच दारं आहेत आणि पाचांना आतून कड्या आहेत. त्यांतली एकच वापरात आहे, बाथरूमची. तीही लावली की दोन मिनिटांत बाहेरून हाक येते, "अगं, चार्जर कुठे?" हे विचारणारा माणूस चार्जरपासून दीड हातावर उभा असतो. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला एकटेपण म्हणजे काय हवं असतं, यावर मानसशास्त्रवाले काय ते म्हणोत. मला डोंगर नको होता, आत्मशोध तर मुळीच नको होता. चार्जर कुठे आहे हे माहीत नसण्याचा हक्क हवा होता.

बागमांडल्याला सावित्रीची खाडी आडवी येते. पलीकडे वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. गाडीसकट फेरीबोटीत चढायचं. बोटीवर गाड्या लावून घेणारा पोरगा हा कोकणातला सर्वांत आत्मविश्वासू माणूस. "सोड, सोड, सोड, डावी मार, पूर्ण मार, सोड" म्हणत त्याने माझी गाडी एका टेम्पोच्या आरशापासून बोटभर अंतरावर नेऊन ठेवली आणि वर इतरांना ओरडून सांगितलं, "लेडीज हाय, जागा सोडा." जागा अर्थात नव्हतीच. तिकीटवाला आला. "एकट्याच?" मी उत्तराची जुळवाजुळव करायला लागले, तेवढ्यात कळलं की त्याला फक्त गाडीचं तिकीट वेगळं आणि माणसांचं वेगळं फाडायचंय. दिवसभरात हा प्रश्न ज्याला खरोखर कामाचा होता असा तो एकमेव माणूस. त्याने उत्तर ऐकून घेतलं, तिकीट फाडलं आणि पुढे गेला. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. पेशवाईत पुण्यात बसून हिंदुस्थानभरच्या दरबारांत काल काय शिजलं याची खबर ठेवणारा माणूस. त्या मातीत चौकशीचा गुण असायचाच. मी गाडी लावून हँडब्रेक ओढेपर्यंत माझं आडनाव, मूळ गाव, मुलाची नोकरी आणि सासूबाईंचं माहेर अंगणातल्या चार जणांपर्यंत पोचलं होतं, त्यांतल्या एकीचं माहेर सासूबाईंच्या माहेराच्या शेजारचं निघालं. तंबू काढला. पिशवीची दोरी सोडते न सोडते तोच "द्या इकडे." या वेळी तिघे होते. घरचे काका, शेजारचे तात्या आणि फक्त बघायला आलेला एक बोटवाला. काड्या कुठून कुठे जातात यावर वाद झाला. तात्यांनी तंबूचं दार पूर्वेला हवं असा आग्रह धरला. बोटवाल्याने सगळ्या दोऱ्यांना अशा गाठी मारल्या की त्या सोडवायला पुढे मला बोटवालाच शोधावा लागला असता. उभा राहिला तो तंबू सुंदर होता, भक्कम होता, आणि नेमका नारळाने लगडलेल्या माडाखाली होता. "वरून पडला तर?" मी विचारलं. काकांनी वर पाहिलं. "माणूस बघून पडतो नारळ," ते म्हणाले. कोकणातली ही श्रद्धा मी मोडणार नव्हते, तंबू मात्र मोडला. तिघे चहाला गेल्यावर पोफळींच्या बाजूला, माझ्या हाताने, चुकत-माकत ठोकला. दार दक्षिणेला.

समुद्राकाठी का नाही लावला, असं पुण्यात सगळे विचारतात. कासवांच्या किनाऱ्यावर तंबू आणि उजेड दोन्ही नकोत. पिल्लं अंड्यातून आली की उजेडाच्या दिशेने निघतात, आणि तुमच्या टॉर्चला क्षितिज समजली तर संपलंच. शिवाय भरती. काकांना घड्याळ लागत नाही. "आज पंचमी," ते म्हणाले, "पाचाची पाऊणपट किती? पावणेचार. पावणेचारला पाणी भरणार." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे गणित किनाऱ्यावरच्या पोराटोरांना येतं. ते न येणारे दोन दोन गाड्या भरून येतात, ओल्या वाळूत गाड्या गरागरा फिरवतात, एक रुतते, पाणी चढायला लागतं, मग गावात ट्रॅक्टर शोधत धावतात. आठ-आठ धटिंगण असतात. त्यांना वाटेत कोणीही विचारलेलं नसतं, "आठच का?"

रात्र. माडांमागे समुद्राचा आवाज, कुठेतरी रातव्याची टकटक, वाडीच्या कुत्र्याने तंबूला पाठ लावून दिलेली ताणून. मी चेन ओढली, पाठ टेकली.

"ताई, झोपलात का?"

"हो."

"बरं बरं, झोपा." हे काका. पडवीत खाट टाकून ते पहाऱ्याला बसले होते. मग मावशी आल्या, गोधडी घेऊन. मग पुन्हा मावशी, पाण्याचा तांब्या घेऊन. मग टॉर्च घेऊन तात्यांचा नातू, "आजोबांनी विचारलंय, भीती वाटते का?" मग काही वेळाने काका, "ताई, काही आवाज आला तर घाबरू नका हां, मीच असेन." तो आवाज दर अर्ध्या तासाने आला. त्यांना खोकला होता. पहाटे कधीतरी मी शेवटचं "हो, झोपले" म्हटलं आणि खरंच झोपले. प्रेमाने चाललेल्या पहाऱ्याशी भांडायची सोय नसते. चोर असता तर निदान ओरडता आलं असतं.

सकाळी सातला किनाऱ्यावर. गावकऱ्यांनी आणि चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने २००२ पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी लोकांच्या पोटात जात. आता घरट्यातली अंडी कुंपणात आणून पुरतात, वर टोपली झाकतात, आणि पन्नासेक दिवसांनी रोज सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघतात. त्या दिवशी टोपलीखाली पिल्लं होती. मुठीत मावतील एवढी, काळपट, अंगाला वाळू चिकटलेली. दोरीच्या अलीकडे दीडशे माणसं मोबाइल उंचावून उभी, आणि दोरीपलीकडे ती वल्ह्यांसारखे पाय मारत, मध्येच थबकत, पायाच्या ठशाच्या खड्ड्यात उलटी होत निघाली. एकाने वाकून एका पिल्लाला बोटाने पुढे ढकलायला हात घातला. गावचा मुलगा खेकसला, "हात नको! त्याचं त्याला जाऊ दे!"

हे वाक्य मी महाराष्ट्रात पहिल्यांदाच ऐकत होते.

"अगं बाई, एकटंच चाललंय," माझ्या शेजारची म्हणाली, गळा दाटून. "आणि ह्यांची आई कुठे असते?"

"ती अंडी घालून तेव्हाच गेली," मुलगा म्हणाला. "शंभर-सव्वाशे घालते, वाळूने झाकते, जाते. परत बघायला येत नाही."

गर्दीत शांतता पसरली. ती शांतता मी ओळखली, आमच्या सेक्रेटरींची. शंभरावर लेकरं मागे ठेवून बाई एकटीच समुद्रात निघून गेली, आणि जेवणाचं काय, हे कोणालाही सांगून गेली नाही.

परत आले तर तंबूची चेन बंद. मी उघडी ठेवली होती. आतून कोणीतरी हललं. जवळ गेले तर आत मावशी. पाय लांब करून, पदर सैल सोडून, डोळे उघडे ठेवून पडलेल्या. मला बघून उठायला लागल्या. "बघत होते हो नुसती, कसं असतं ते," म्हणाल्या. मी म्हटलं, बघा की. चेन पुन्हा लावून दिली आणि पडवीच्या पायरीवर जाऊन बसले.

काका मागच्या दारातून आले. स्वयंपाकघरात डोकावले, विहिरीकडे डोकावले, माडाखाली जाऊन वर पाहिलं. "ही कुठे गेली?" मला विचारलं. मी खांदे उडवले. मग त्यांनी अंगणाच्या मधोमध उभं राहून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? चहाची पूड कुठाय?"

तंबू गप्प होता.

"अगं, पूड!"

"डब्यात," तंबू म्हणाला.

"कुठल्या डब्यात?"

यावर तंबूने काही उत्तर दिलं नाही. स्वयंपाकघरातून डबे आपटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. चहा आला तेव्हा त्यात पूड होती, आलंही होतं. साखर नव्हती. मी एक कप चेनच्या फटीतून आत सरकवला, आणि आतून मावशींचा हात आला.